मूल घरी शिकणार आहे: थेट वर्ग, व्हिडिओ की कागद आणि फोन?

४७ आणि ३८ ची बेरीज दुसरीतलं मूल पहिल्यांदा उभी मांडतं, तेव्हा पुष्कळदा उत्तर येतं ७१५. सात आणि आठ पंधरा, ते खाली लिहिले. चार आणि तीन सात, तेही शेजारी लिहिले. मुलाच्या लेखी सगळं बरोबर आहे. वर्गात बाकांमधून फिरताना हे ७१५ मला लांबूनच दिसतं. मी शेजारी बसते, काड्या पुढे ओढते, पंधरा सुट्या काड्यांमधल्या दहांना रबर लावून गठ्ठा करायला सांगते, आणि हातचा म्हणजे काय ते त्या मुलाच्या हातांनाच कळतं.

शाळा घरी आली की हे ७१५ कुणाला दिसणार आणि किती वेळाने दिसणार? पहिली ते चौथीच्या मुलासाठी घरून शिकण्याची पद्धत निवडताना मी हाच प्रश्न आधी विचारते. अ‍ॅप कोणतं, पडदा केवढा, नेट किती वेगाचं हे त्यानंतर.

लांबलेलं आजारपण असो, शाळा बंद पडलेली असो किंवा घर शाळेपासून फार दूर असो, पालकांसमोर साधारण तीन वाटा असतात. ठरलेल्या वेळी शिक्षकांसोबत थेट ऑनलाइन वर्ग, आधी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, किंवा छापील कृतिपत्रिका आणि शिक्षकांचा फोन. रेडिओ आणि टीव्हीवरचे पाठ ही चौथी वाट. इबोलाच्या साथीत २०१४-१५ साली सिएरा लिओनमध्ये शाळा बंद असताना मुलांपर्यंत धडे पोचले ते रेडिओवरूनच. पण रेडिओ फक्त बोलतो, मुलाचं ऐकत नाही. त्यामुळे जोडीला तो चांगला, एकट्याच्या भरवशावर नको.

थेट वर्ग

याची मोठी जमेची बाजू म्हणजे बाई दिसतात, आणि मित्रही दिसतात. सहा वर्षांच्या मुलाला सकाळी उठून तयार होण्याचं कारण मिळतं. चूक लगेच दिसू शकते. ‘शकते’ म्हणायचं कारण असं, की तीस मुलांच्या वर्गात ती प्रत्यक्षात दिसत नाही. तीस छोटे चौकोन, सगळे म्यूटवर, एकाला अनम्यूट करून बोलतं करेपर्यंत दुसरा खुर्चीवरून उतरलेला. ‘आवाज येतोय का?’ यातच बरीच मिनिटं जातात. तोच वर्ग पाच-सहा मुलांचा केला की सगळं बदलतं. मी प्रत्येकाची पाटी पाहू शकते, प्रत्येकाचं वाचन ऐकू शकते. म्हणून शाळा थेट वर्ग देत असेल तर पहिली चौकशी करा ती एका वेळी किती मुलं असतात याची.

दोन गोष्टी मला अनुभवाने कळल्या, त्या इथे सांगते. पहिली पाटीची. एका मुलीने ‘ड’ काढून पाटी कॅमेऱ्यासमोर धरली. मी म्हटलं, ‘छान!’ तिने पडद्याकडे पाहिलं, तोंड पाडलं, अक्षर पुसलं आणि उलटा ‘ड’ काढला. मला काही कळेना. मग लक्षात आलं की व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचं चित्र बहुधा आरशासारखं दिसतं. मला तिचं अक्षर सरळ दिसत होतं आणि तिला तिचंच अक्षर उलटं. आकार अजून पक्के व्हायचे आहेत अशा मुलासाठी ही छोटी गडबड नाही. सेटिंगमध्ये आरशाचा पर्याय बंद करा, नाहीतर स्वतःचा चौकोनच लपवा. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसेनासा झाला की मुलाचं लक्षही बरंच जागेवर येतं.

दुसरी आवाजाची. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक साध्या माइकमधून आणि अडखळत्या नेटवरून पुसट होतो. वर्गात मूल माझ्या ओठांकडे, जिभेकडे बघून तो पकडतं. म्हणून नवं अक्षर शिकवलं जाईल त्या दिवशी घरातल्या कुणीतरी तेच शब्द मुलासमोर बसून, तोंड दिसेल असे म्हणावेत: पान, बाण, मूल, मूळ.

थेट वर्गाला घरातलं माणूस लागतं हेही आधी समजून घ्यावं. पहिलीतलं मूल लिंक उघडेल, पण ‘पान १४ काढा’ म्हटल्यावर पान शोधेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. ज्या घरात दोन भावंडं आणि एकच मोबाइल आहे, किंवा तो मोबाइल घेऊनच कुणाला कामावर जायचं आहे, तिथे ठरलेली वेळ हीच मोठी अडचण होते. तिथे थेट वर्गाचा हट्ट धरू नये. वेळेचं म्हणाल तर भारत सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची, असं सांगितलं होतं. माझ्या मते पहिली-दुसरीला त्यातलं एकच पुरे, तेही तीस मिनिटांच्या आतलं.

रेकॉर्ड केलेले व्हिडिओ

व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, रात्री उतरवून ठेवून सकाळी नेटशिवाय पाहता येतो. पालक संध्याकाळीच मोकळे होत असतील तर ही फार मोठी सोय आहे. तिसरी-चौथीतलं मूल, ज्याला वाचता येतं आणि थोडा वेळ स्वतःला आवरता येतं, ते यातून खरंच शिकू शकतं. इंग्लंडच्या एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशनने २०२० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा थेट की रेकॉर्ड केलेलं यापेक्षा शिकवण्याचा दर्जा महत्त्वाचा, असंच त्यातून निघालं: स्पष्ट समजावणं, टप्प्याटप्प्याने आधार देणं, चूक सांगणं. तेव्हा व्हिडिओला कमी लेखायचं कारण नाही.

पण चूक सांगणं व्हिडिओला जमत नाही. मूल बघतं, मान डोलावतं, ‘समजलं’ म्हणतं आणि ते खरंच मनापासून म्हणत असतं. कारण दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघताना सोपंच वाटतं. मग वहीवर ७१५, खाली ६१४, त्याखाली ८१३. दहा गणितं, दहाही त्याच चुकीची, आणि चूक आता सवय झालेली. घरच्यांना वाटतं, अभ्यास झाला.

यावर उपाय आहे आणि तो कुणालाही जमेल. व्हिडिओत गणित मांडलं की उत्तर येण्याआधी थांबवा. मुलाला कागदावर करू द्या. मग पुढे चालू करून ताडून बघा. बसायचं एका व्हिडिओपुरतं, आणि आपोआप पुढचा लागण्याची सोय बंद ठेवायची. शेजारी कुणीच बसणार नसेल तर पहिली-दुसरीच्या मुलासाठी ही पद्धत मी सुचवणार नाही.

कागद आणि फोन

पुष्कळ पालकांना ही पद्धत मागासलेली वाटते. मला तसं वाटत नाही आणि त्यामागे भक्कम कारण आहे. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानामध्ये साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला. काही कुटुंबांना आठवड्याला फक्त गणितं एसएमएसने पाठवली. काहींना एसएमएस आणि त्यासोबत सुमारे वीस मिनिटांचा फोन. फोन पालकांना लावायचा, मुलाला बोलवायचं, स्पीकर चालू करायचा आणि दोघांसोबत एक गणित सोडवायचं. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. फोन जोडल्यावर मुलांचं गणित सुधारलं. हेच पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या देशांतही करून पाहिलं गेलं आणि तिथेही उपयोग झाला. पडदा नव्हता, साधा फोन होता, आणि पलीकडे मुलाचं ऐकणारं माणूस होतं.

कागदाचा आणखी एक गुण शिक्षकालाच कळतो. खोडलेलं, गिरवलेलं, बाजूला काढलेल्या रेघा हे सगळं त्यावर राहतं. ७१५ लिहिलेला कागद हातात आला की मूल कुठे अडलंय ते मला एका नजरेत समजतं. अडचण एवढीच की कागद माझ्याकडे आठवड्याने येतो. म्हणून मधे फोन हवाच, किंवा कागदाचा फोटो तरी. कृतिपत्रिकांचा गठ्ठा देऊन महिन्याने गोळा करणारी व्यवस्था असेल तर तिला घरून शिकणं म्हणू नये.

इथे पालकांना एक कळकळीची विनंती आहे. मला शंभर टक्के बरोबर कृतिपत्रिका नको असते. तशा पुष्कळ येतात. अक्षर मुलाचं, उत्तरं आईची किंवा ताईची. मागचा भाव मला कळतो, आपलं मूल मागे दिसू नये असं कुणालाही वाटतं. पण चूक खोडून टाकली की माझे डोळे बांधल्यासारखं होतं. रबर दूर ठेवा. चुकलं तर त्यावर एक रेघ मारून शेजारी पुन्हा लिहू द्या. मदत केली असेल तर कोपऱ्यात ‘मदत केली’ एवढं लिहा. ते दोन शब्द मला पुढच्या फोनवर काय विचारायचं ते सांगतात.

आणि ज्या घरात वाचता येणारं मोठं माणूस नाही, किंवा शाळेची भाषा घरी बोलली जात नाही, तिथे? तिथेही ही पद्धत चालते. फक्त सूचना लिहून पाठवण्याऐवजी बाईंकडून आवाजी निरोप मागून घ्या. मुलाला मदत करायला अक्षरओळख लागतेच असं नाही. ‘हे मला वाचून दाखव’ आणि ‘हे कसं केलंस ते सांग’ ही दोन वाक्यं आजीही म्हणू शकते. मूल सांगायला लागलं की निम्म्या चुका त्याच्या त्यालाच सापडतात.

मग निवडायचं काय

दूरवरच्या मुलांना शिकवण्याचा फार जुना अनुभव ऑस्ट्रेलियाकडे आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्सला १९५१ साली ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झालं. शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या गुरांच्या फार्मवरची मुलं रेडिओवरून बाईंशी बोलत. पण तो पाठ थोडा वेळच चाले. बाकीचा अभ्यास टपालाने आलेल्या कागदांवर, आणि शेजारी घरातलं मोठं माणूस, बहुतेकदा आईच. आज तिथे उपग्रहाचं इंटरनेट आहे, तरी घरी मदतनीस लागतोच. सत्तरहून जास्त वर्षांत तंत्र कितीदा बदललं, हे काही बदललं नाही.

उलट नेदरलँड्समध्ये २०२० साली शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या. घरोघरी उत्तम इंटरनेट. तरीही ८ ते ११ वर्षांच्या मुलांचं सरासरी नुकसान शालेय वर्षाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकं भरलं, आणि आईवडील कमी शिकलेले असतील त्या घरांत ते आणखी मोठं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिली-दुसरीसाठी पाया कागद आणि फोनचा ठेवा, आणि शाळा लहान गटांचे थेट वर्ग देत असेल तर आठवड्यातून दोन-तीन घ्या. तिसरी-चौथीला लहान गटाचा थेट वर्ग पुढे ठेवता येईल, उजळणीला व्हिडिओ. घरात दिवसा कुणीच नसेल तर व्हिडिओ आणि कागद संध्याकाळी, आणि बाईंच्या फोनची वेळही संध्याकाळची मागून घ्या. मागायला संकोच करू नका. मूल एकलकोंडं होऊ लागलं असेल, मित्रांची नावं काढून रडत असेल, तर अभ्यासाचा हिशेब बाजूला ठेवून थेट वर्ग आधी. ऐकायला कमी येणाऱ्या मुलाला फोनवर भागत नाही. त्याला तोंड दिसलं पाहिजे.

मोबाइल की टॅब की लॅपटॉप, यावर फार वेळ घालवू नका. थेट वर्गाला पडदा मोठा बरा, एवढंच. मोबाइलच असेल तर तो पुस्तकांना टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, हातात देऊ नका, म्हणजे लिहायला हात मोकळे राहतात.

घरचं माणूस रोज किती वेळ बसू शकेल हे ठरवताना स्वतःशी खरं बोला. दोन तास ठरवून चौथ्या दिवशी सगळ्यांचीच चिडचिड होण्यापेक्षा रोजची पंचवीस मिनिटं ठरवा. दहा मिनिटं मुलाने मोठ्याने वाचायचं, दहा मिनिटं अंकांचं काम, पाच मिनिटं गप्पा. त्यापलीकडचं मूल एकटं करेल किंवा राहील. राहिलं तरी चालेल.

जी पद्धत घ्याल ती दोन आठवडे चालवून बघा. मग एका संध्याकाळी मुलाला नवं गणित द्या, आधी न केलेलं, समजा ५६ अधिक २७, आणि बटणं किंवा काड्या पुढे ठेवून म्हणा, ‘कसं केलंस ते मला शिकव.’ उत्तर ७१३ आलं आणि दोन आठवड्यांत ते कुणीच पाहिलेलं नसेल, तर दुसऱ्या दिवशी शाळेला फोन करून पद्धत बदलून मागा.