सोन्या कुत्र्याला उचलायचा पट्टा: आठ महिने वापरल्यावर

आमचा सोन्या नऊ वर्षांचा लॅब्राडॉर. गेल्या आषाढात अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवर त्याचे मागचे दोन्ही पाय फाकले आणि तो बसला तो उठेचना. पोटाखाली पंचा घालून मी आणि धाकट्या दिरांनी त्याला कसाबसा उभा केला. एक्स-रेत दिसलं की खुब्याची खोबण मुळातच उथळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही आणि वर्षानुवर्षं घासून आता संधिवात झालाय. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत हे दुखणं बरंच आढळतं. मागचे दोन्ही पाय जोडून तो सशासारखा उड्या मारत पळायचा, तेव्हा आम्ही कौतुक करायचो. दुखणं तेव्हाच दिसत होतं, आम्हाला कळलं नाही.

पंच्याने पोट आवळतं आणि पकडही सरकते, म्हणून हा पट्टा ऑनलाइन मागवला. २,६०० रुपये पडले. एक भाग छातीला, दुसरा कंबरेखालून मांड्यांभोवती, दोन्हींवर पाठीशी मूठ. वजनावरून साइज निवडला तो ढगळ आला, परत करावा लागला. शिंप्याची टेप घेऊन पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि मांडीच्या वरचा घेर मोजा, मगच मागवा.

आता माझी चूक सांगते, कारण पट्टा घेणारे बहुतेक जण तीच करतील. पट्टा आला त्या पहिल्याच रविवारी सोन्या इतका खुशीत चालला, की मी त्याला आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडांखाली पाऊण तास फिरवलं. मागचं वजन माझ्या हातात होतं, त्याला ते जाणवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटीपर्यंतही आला नाही. डोळे माझ्याकडे लावून नुसता पडून राहिला.

डॉक्टर धारवाडकडचे, आमच्याशी निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलतात. त्यांनी मूठ स्वतःच्या हातात घेतली, सोन्याला दवाखान्याच्या बोळात चालवलं आणि दर पावलाला म्हणत राहिले, "निधान, निधान." आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, कन्नडात निधान म्हणजे सावकाश. कुत्रा भराभर चालला की दुखरा पाय अलगद उचलून नेतो, त्याच्यावर भारच टाकत नाही. अगदी हळू चालला तर चारही पायांवर आळीपाळीने वजन द्यावंच लागतं, आणि मांडीचा स्नायू त्यानेच भरतो. म्हणजे पट्टा हा जास्त चालवण्यासाठी नाहीच. तोल जाईल तेव्हा सावरायला आणि धावायला लागला की थोपवायला तो हातात हवा. हे कळलं आणि तिथून पुढे सुधारणा झाली.

आमचा क्रम असा बसला. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं, सपाट मातीवर, दोरी आखूड धरून. आठवडाभर दुसऱ्या दिवशीची सकाळ बरी गेली तर दर फेरीला दोन मिनिटं वाढवायची, आखडलेला उठला तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर यायचं. फिरताना तो कितीही उत्साहात दिसो, खरा हिशेब दुसऱ्या सकाळचा. चेंडू फेकणं पूर्ण बंद, कारण झेप घेऊन गर्रकन वळण्यात खुब्याला सगळ्यात जास्त मार बसतो. जेवणाआधी रबरी चटईवर पाच वेळा बसणं-उठणं. दोन महिन्यांनी झाडूचे दांडे जमिनीवर पावलाच्या अंतराने मांडून त्यांवरून सावकाश चालवणं. एक दांडा पायाला लागून गडगडला की तो थांबतो, मान वळवून मागच्या पायाकडे बघतो आणि मग तो पाय नीट उचलून पुढे टाकतो. आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त आनंद त्या बघण्याने दिलाय.

पट्ट्याचे दोष आहेत. वेल्क्रोत केस अडकून महिन्याभरात पकड सैल होते, जुन्या कंगव्याने दर आठवड्याला साफ करावं लागतं. नर कुत्र्याला मागचा भाग लघवीच्या जागेवर येतो, भिजतो, वास मारतो. आमच्या पावसात एकदा धुतला की दोन दिवस वाळत नाही. काखेत कातडी लाल झाली तेव्हा आतून जुन्या सुती साडीची पट्टी शिवली आणि घरात असताना पट्टा काढूनच ठेवायला लागलो. तिसऱ्या महिन्यात मागच्या मुठीची शिलाई उसवली. विकणाऱ्यांना दोनदा कळवलं, उत्तर नाही. शेवटी अथणीला चपला करणाऱ्या ओळखीच्या मामांनी कातडी पट्टी घालून ती हाताने शिवून दिली. ती शिलाई अजून जशीच्या तशी आहे.

एकट्या पट्ट्याने हे झालं असतं असं मात्र समजू नका. सोन्या ३९ किलोंचा होता, आता ३३. आल्या-गेल्या पाहुण्यांचा कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) त्याच्या तोंडी पडायचा, तो बंद केला. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ साली छापला गेला. पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री जोडीच्या कुत्र्यांपेक्षा सरासरी १.८ वर्षं जास्त जगली, आणि संधिवाताचा त्रासही त्यांना उशिरा सुरू झाला. फरशीवर काथ्याच्या पायपुसण्या टाकल्या, नखं वेळच्या वेळी कापली. थंडीत कंबरेला मिठाच्या पुरचुंडीचा शेक दिला, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघून.

गल्लीतले एक काका म्हणाले, "माणसाची गोळी अर्धी करून घाला की, काय हुतंय?" कृपा करून घालू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सोन्याला डॉक्टरांनी दिलेली कुत्र्यासाठीचीच गोळी चालू होती, भरल्या पोटी, आणि मधूनमधून रक्त तपासून.

डाव्या मांडीचा घेर श्रावणात ३४ सेंटिमीटर होता, आता ३७ आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडावर तो आता चढणार नाही, ते आम्ही मनाशी मान्य केलंय. पण डेपोत सलग पंचवीस मिनिटं चालतो. मागचा भाग आता फक्त जिन्यासाठी आणि ओल्या फरशीसाठी बांधतो. रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की मी हळूच "निधान" म्हणते, आणि तो पाऊल आवरतो.