सन गेली, झेडएफएस राहिली

२७ जानेवारी २०१० रोजी ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ताब्यात घेतली. सौदा सुमारे ७४० कोटी डॉलरचा. सनचं नाव निघालं की बहुतेकांना जावा आठवते, पण या कंपनीचं खरं कसब बघायचं असेल तर झेडएफएस ही तिची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याची व्यवस्था, बघा. आज ती ओपनझेडएफएस म्हणून लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर चालते. इथे तिचीच पारख.

आधी ताब्यानंतर काय बिघडलं ते. ऑगस्ट २०१० मध्ये ओरॅकलने ओपनसोलारिस, म्हणजे सनच्या सोलारिस ऑपरेटिंग सिस्टिमची मुक्त आवृत्ती, गुंडाळलं आणि नवा सोर्स कोड बाहेर येणं बंद झालं. आधीचा कोड मात्र सीडीडीएल या सनच्या मुक्त परवान्याखाली सुटलेला होता, तो परत डब्यात भरणं ओरॅकलच्याही हातात नव्हतं. त्याच महिन्यात तो कोड पुढे नेणारा इल्युमोस प्रकल्प उभा राहिला, पुढे २०१३ मध्ये ओपनझेडएफएस. तेव्हापासून झेडएफएसची दोन घरं झाली. पूल म्हणजे एक किंवा अनेक डिस्क मिळून झेडएफएसने केलेला साठा; पूल आवृत्ती २८ ही शेवटची सामाईक. ओरॅकल सोलारिसवर २९ किंवा पुढच्या आवृत्तीचा पूल केलात तर तो ओपनझेडएफएसवर इम्पोर्ट होत नाही. डिस्क दोन्हीकडे न्यायच्या असतील तर पूल बनवतानाच पूल आवृत्ती २८ आणि फाइल सिस्टिम आवृत्ती ५ सांगून ठेवा. 'झेडपूल अपग्रेड' ही कमांड सहज म्हणून मारू नका, तिला परतीची वाट नाही.

आता कामाचं. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, त्या ब्लॉकचा पत्ता सांगणाऱ्या वरच्या पॉइंटरमध्ये ठेवलेला असतो, डेटाशेजारी नाही. त्यामुळे डिस्कने 'सगळं ठीक' म्हणत चुकीचे बाइट दिले तरी वाचताना पकडले जातात, आणि मिरर (तोच डेटा दोन डिस्कवर) किंवा रेडझेड (डेटासोबत पॅरिटी, म्हणजे दुरुस्तीची जादा माहिती, डिस्कांवर पसरवलेली) असेल तर चांगल्या प्रतीवरून किंवा पॅरिटीवरून जागच्या जागी दुरुस्त होतात. एकाच डिस्कचा पूल असेल तर चूक कळते, पण फाइलमधला डेटा सहसा परत मिळत नाही. 'झेडपूल स्टेटस' ला 'व्ही' जोडून कोणती फाइल गेली ते दिसतं, इतकंच. स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून केलेली तपासणी, महिन्यातून एकदा लावा. रेडझेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे पुन्हा सांगावं लागतं कारण लोक ऐकत नाहीत.

पूल बनवताना तीन गोष्टी. डिस्कची नावं बाय-आयडीची, म्हणजे त्या त्या डिस्कची कायमची ओळख सांगणारी, द्या. एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात. अ‍ॅशिफ्ट १२ ठेवा, म्हणजे ४०९६ बाइटचा सेक्टर (डिस्कवर लिहिण्याचा सर्वांत लहान तुकडा). काही डिस्क आपला सेक्टर ५१२ बाइटचा असल्याचं खोटं सांगतात, त्यामुळे आपोआप ९ (म्हणजे ५१२ बाइट) निवडला गेला तर लिहिण्याचा वेग कायमचा पडतो. व्हीडेव्ह, म्हणजे पुलातला डिस्कांचा एक गट, एकदा बनलं की हा आकडा बदलत नाही. तिसरं, एसएमआर डिस्क, म्हणजे ज्यांच्या लिहिण्याच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात त्या, घेऊ नका. रोजच्या वापरात त्या चालून जातात, पण डिस्क बदलून रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) सुरू झालं की तेच काम कित्येक पट लांबतं आणि त्या काळात दुसरी डिस्क गेली तर संपलं. मोठ्या डिस्कना म्हणूनच रेडझेड२, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी तगणारी मांडणी.

कॉम्प्रेशनला एलझेड४ ही वेगवान पद्धत डोळे मिटून चालू करा. डीडूपचा, म्हणजे सारखे ब्लॉक एकदाच साठवण्याचा, मोह टाळा: १२८ केबीच्या ब्लॉकने १ टीबी म्हणजे ८० लाखांवर नोंदी, जुन्या पद्धतीत प्रत्येकी ३२० बाइटच्या आसपास, म्हणजे अडीच जीबी मेमरी निव्वळ तक्त्यासाठी. छोटे ब्लॉक असतील तर हिशेब आणखी वाईट. पूल ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका, मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत राहते आणि लिहिणं मंदावतं. फाइली उडवूनही जागा सुटत नसेल तर आधी जुने स्नॅपशॉट (त्या त्या क्षणी गोठवलेल्या प्रती) तपासा.

रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येत नाही, ही वर्षानुवर्षांची तक्रार ओपनझेडएफएसच्या २०२५ च्या २.३ आवृत्तीने मिटवली. फक्त जुना डेटा पुन्हा लिहिला जाईपर्यंत जुन्याच पॅरिटी प्रमाणात राहतो, म्हणून लगेच अपेक्षेइतकी जागा दिसत नाही.

सगळ्यात मोठा त्रास लिनक्सवर, आणि त्याचं मूळ परवान्यात. झेडएफएसचा सीडीडीएल आणि लिनक्सचा जीपीएल या परवान्यांचं जमत नाही, त्यामुळे झेडएफएस मूळ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नाही; तिचं मॉड्यूल वेगळं जोडावं लागतं. (ओरॅकलने डीट्रेस या सनच्याच दुसऱ्या साधनाचा कर्नल कोड २०१८ मध्ये जीपीएलखाली आणला, झेडएफएसच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही.) उबुंटू मॉड्यूल तयार देतं, बऱ्याच ठिकाणी ते डीकेएमएसने, म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बांधणाऱ्या साधनाने, बांधावं लागतं. कर्नल पुढे गेला आणि मॉड्यूल मागे राहिलं की रीबूटनंतर पूल दिसतच नाही. डेटा शाबूत असतो, घाबरून पूल नव्याने बनवायला जाऊ नका. जुन्या कर्नलने बूट करा, मग 'झेडपूल इम्पोर्ट'. दीर्घ मुदतीचा कर्नल वापरा आणि आधीचा एक तरी कर्नल कायम ठेवा. रूट फाइल सिस्टिमच झेडएफएसवर असेल तर बचावाच्या यूएसबीवरही मॉड्यूल हवं.