लॅटिनचं ‘वोवेओ’ आणि ल्यूइस-शॉर्टचा कोश : सात महिन्यांनंतर

सात महिने झाले, ल्यूइस आणि शॉर्टचा लॅटिन-इंग्रजी कोश रोज मोबाईलवर उघडतेय, म्हणून आता लिहिते. सगळ्या कोशाबद्दल सांगत बसले तर संपणारच नाही, त्यामुळे एकाच क्रियापदाचं सांगते, ज्याच्यासाठी मी तो पहिल्यांदा उघडला.

रोमन वेदीचा एक फोटो बघितला होता, दगडावर शेवटी चारच अक्षरं, व्ही एस एल एम. म्हणजे वोतुम सोल्वित लिबेन्स मेरितो, नवस फेडला, आनंदाने आणि देवाचा हक्कच होता म्हणून. अशा वेद्या ब्रिटनपासून सगळ्या रोमन साम्राज्यात सापडल्यात. आता हे वोतुम येतं वोवेओपासून, आणि त्याआधी मी जे अ‍ॅप वापरायचे त्यात अर्थ दिला होता शपथ घेणे, आणि भूतकाळ दिला होता वोवुई. दोन आठवडे मी तेच पाठ केलं! दोन्ही चूक. शपथेला लॅटिनमध्ये यूरो हे वेगळं क्रियापद आहे, वोवेओ म्हणजे देवाला काहीतरी बोलणं, आपला नवसच.

रूपं चारच लक्षात ठेवा: वोवेओ, वोवेरे, वोवी, वोतुम. दुसऱ्या गणातलं आहे, पण हाबेओचं (जवळ असणे) भूतकाळात हाबुई होतं तसं इथे उई लागत नाही, नुसता पहिला ओ लांबतो. मोवेओ-मोवी, फोवेओ-फोवी तसंच. मजा म्हणजे आपल्या देवनागरीत ऱ्हस्व ओ नाहीच, त्यामुळे मी वहीत लांब ओच्या डोक्यावर आडवी रेघ मारते. आणि वोवित दिसलं की वर्तमान समजू नका, तो बोलतो म्हणजे वोवेत, वोवित म्हणजे बोलला.

कोशाचं खरं बळ उदाहरणांत. लेखकांच्या नावांचे संक्षेप कळायला मला महिना गेला, पण एकदा कळले की मूळ पानावर जाता येतं. तसाच मी रोमन इतिहासकार लिव्ही उघडला, तर पहिल्याच पुस्तकात लढाईतून माणसं पळत सुटलीयेत आणि रोमचा पहिला राजा रोम्युलस आकाशाकडे हात करून मुख्य देव ज्युपिटरला म्हणतो, त्यांचं पळणं थांबव, मी तुला इथे देऊळ बोलतो, आणि वाक्याच्या अगदी शेवटी येतं वोवेओ. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात होड्यांच्या शर्यतीत क्लोआन्थुस नावाचा एक स्पर्धक समुद्रातल्या देवांना पांढरा बैल बोलतो आणि स्वतःला वोती रेउस म्हणवतो, म्हणजे नवसाचा देणेकरी. रेउस हा कोर्टातला शब्द, आरोपीसाठीचा. इच्छा पुरी झाली की माणूस देवाला बांधला गेला, फेडेपर्यंत सुटका नाही. आपल्याकडे आजी म्हणायची ना, नवस अंगावर ठेवू नये, अगदी तेच.

आणि वेदीवरच्या सोल्वितचं मूळ क्रियापद सोल्वो बघाच, गाठ सोडणे हाही अर्थ आणि देणं चुकवणे हाही. आपलं फेडणं पण असंच, वस्त्र फेडतात, कर्ज फेडतात, नवस फेडतात. हे सुचलं त्या रात्री मला झोप नाही आली. रोमन लोक बऱ्या झालेल्या अवयवाचे मातीचे हात-पाय देवळात वाहायचे, बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहतात, आपल्या देवीला चांदीचे डोळे, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला जितका पटकन कळेल तितका इंग्रजीतून शिकणाऱ्याला कळत नसावा असं माझं ठाम मत झालंय.

नवख्यांनी आधी छोटा कोश घ्यावा, ल्यूइस-शॉर्ट १८७९ चा आहे आणि इंग्रजीही त्याच काळातली. शॉर्ट यांनी फक्त पहिलं अक्षर केलं, बाकी सगळं ल्यूइस यांनी, म्हणजे वोवेओची नोंदही त्यांचीच. ऑनलाइन फुकट आहे. मी सध्या वोवेओपासूनच झालेल्या देवोवेओवर (वाहून टाकणे) आहे, इसवी सनापूर्वी ३४० मध्ये डेसियस मुस या रोमन सेनापतीने शत्रूच्या सैन्यासकट स्वतःलाच पाताळातल्या देवांना आणि पृथ्वीला वाहून टाकलं आणि घोड्यावरून थेट शत्रूत घुसला, ते पान अजून पूर्ण वाचून झालेलं नाही.