टेलीमार्क शिकायचंय: ७५ मिमी, एनटीएन की टेक-टो?

टेलीमार्क म्हणजे टाच मोकळी ठेवून, गुडघे वाकवून वळणं घेत स्कीवर उतरण्याचा प्रकार. त्याचं सामान घ्यायला गेलात की दुकानात पहिला सल्ला हमखास मिळतो: "कशाला? त्यापेक्षा टूरिंग स्की घ्या." हा सल्ला नीट ऐकून घ्यावा, कारण त्यात तथ्य आहे. आजची अल्पाइन टूरिंगची बाइंडिंग्ज (बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा) चढताना टाच मोकळी सोडतात, उतरताना ती पक्की धरतात आणि पडलात तर बूट सोडून देतात. वर टेलीमार्कच्या बहुतेक बाइंडिंग्जपेक्षा ती हलकी असतात. १९७० च्या दशकात कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या मंडळींनी हा जुना नॉर्वेजियन प्रकार पुन्हा उचलला, तेव्हा लिफ्ट नसलेल्या डोंगरात जायचं तर मोकळी टाच हा हलका मार्ग होता. तो फायदा आता उरलेला नाही.

तरी हा खेळ टिकलाय. ओस्लोत राहून मी दर हिवाळ्यात पाहते, लिफ्टच्या रांगेत मोकळ्या टाचेचे दोन-चार लोक असतातच, आणि ते फक्त जुने-जाणते नसतात. त्यांना तिथे धरून ठेवतं ते वळण. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: ते वळण घेण्यात मजा येत असेल तरच टेलीमार्क घ्या, आणि सामान निवडतानाही त्या वळणाला काय लागतं तेवढंच बघा.

वळणाला काय लागतं

उजवीकडे वळताना बाहेरचा, म्हणजे डावा पाय पुढे जातो, उजवा मागे राहतो, मागची टाच उचलली जाते आणि दोन्ही गुडघे वाकतात. लांबून हे सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचालनासारखं दिसतं, आणि अल्पाइनवरून (टाच पक्की धरलेल्या नेहमीच्या स्कीइंगवरून) आलेले लोक तसंच करायला जाऊन फसतात. आसनात मागचा पाय लांब ताणलेला असतो आणि भार पुढे असतो. इथे मागचा पाय कमरेखाली, जवळ हवा आणि जवळपास निम्मा भार त्याच्या चवड्यावर हवा. तोही करंगळीच्या बाजूने पडला पाहिजे, तरच आतली स्की कडेवर राहते. टाच फार उचलून बोटांच्या टोकांवर उभे राहिलात की मागची स्की नुसती फरफटत येते आणि कडक बर्फावर भरकटते. भार बरोबर पडला, तर दोन्ही स्की मिळून एकच लांब कमान काढतात. त्या क्षणी मांड्या पेटलेल्या असतात, तरी पुढचं वळण घ्यावंसं वाटतं.

सामानातला प्रत्येक फरक शेवटी या मागच्या चवड्याखाली जाणवतो. प्रश्न जुनाच आहे. टेलीमार्क प्रांतातल्या मोर्गेदालच्या सोन्द्रे नोर्हाइमने (१८२५–१८९७) पिळलेल्या फांद्यांचा फास टाचेमागून घेतला: टाच उचलता यावी, पण वळताना आणि उडी मारताना स्की पायाखालून निसटू नये. १८६८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो क्रिस्तियानियात (आजच्या ओस्लोत) येऊन स्पर्धा जिंकला. १९५२ च्या ओस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत मोर्गेदालला त्याच्या घरातल्या चुलीतच पेटवली होती. पुढचा भाग घट्ट, टाच मोकळी, आणि ती टाच किती जोराने मागे ओढायची? आजच्या तिन्ही पद्धती याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

आधी बूट

बहुतेक लोक बाइंडिंगवर रात्री जागवतात आणि बूट घाईत घेतात. उलटं करा. ७५ मिमीच्या बुटाला पुढे बदकाच्या चोचीसारखी चपटी जीभ असते, तिच्या रुंदीवरूनच हे नाव पडलं. एनटीएनच्या (न्यू टेलीमार्क नॉर्मच्या) बुटाला ती नसते, त्याऐवजी तळव्याखाली मध्यभागी दुसरी टाच असते. एकाचा बूट दुसऱ्याच्या बाइंडिंगमध्ये बसत नाही. बूट ठरला की पद्धत बरीचशी ठरलीच.

टेलीमार्कच्या बुटाला चवड्यापाशी घड्या असतात आणि बूट तिथे दुमडतो. दुकानात दोन्ही बूट कसून बांधा, एक पाय मागे घेऊन गुडघे वाकवा आणि दोन-तीन मिनिटं तसेच थांबा. मग पाय बदला. घडी तुमच्या पायाच्या नैसर्गिक घडीवरच पडली पाहिजे. ती पुढे सरकली तर प्लास्टिक बोटांच्या मुळावर दाबतं, आणि दुकानात जे "जरासं लागतंय" तेच उतारावर दुपारपर्यंत असह्य होतं. टाच आत वर-खाली होत असेल तर तो बूट ठेवून द्या, कितीही स्वस्त मिळत असला तरी. उभं राहून चालून बघणं इथे पुरेसं नाही.

१९९२ साली इटलीच्या स्कार्पाने टर्मिनेटर हा प्लास्टिकचा बूट आणला, त्याआधी सगळा कारभार चामड्याचा होता. चामड्याचे बूट अजूनही मिळतात आणि माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या सफरींना छान असतात. उतारावर शिकायला मात्र ते घेऊ नका. घोट्याला आधार कमी मिळतो आणि चुकतंय कोण, तुम्ही की बूट, हे कळत नाही.

७५ मिमी: जुनं, साधं, मऊ

तीन पिनांचं बाइंडिंग किंवा पुढे पेटी आणि टाचेमागून जाणारी स्प्रिंगची केबल. यातली मूळ कल्पना ब्रूर वित या नॉर्वेजियन माणसाने १९२० च्या दशकात काढलेल्या 'रोत्तेफेल्ला'पर्यंत, म्हणजे उंदराच्या सापळ्यापर्यंत जाते. याच नावाची कंपनी आजही बाइंडिंग बनवते.

७५ मिमीचा मोठा गुण म्हणजे वाक. टाच उचलताना विरोध हळूहळू वाढतो, धक्का बसत नाही, आणि पाय दुमडतोय हे पूर्ण तळव्याला कळतं. वर्षानुवर्षं टेलीमार्क करणारे लोक याच मऊपणासाठी नव्याकडे जात नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. भाग कमी, मोडतोड कमी. डोंगरात काही तुटलंच तर तार, पट्टी आणि पक्कड यांवर बऱ्याचदा निभावतं. व्होइलेचं स्विचबॅक किंवा ट्वेंटी-टू डिझाइन्सचं अ‍ॅक्सल घेतलंत तर चढताना पुढचा सांधा मोकळा करता येतो. अ‍ॅक्सलमध्ये केबलच्या तीन जागा आहेत, त्यामुळे विरोध कमी-जास्त करता येतो. साध्या तीन पिनांत ही सोय नाही, चढताना प्रत्येक पावलाला बूटच दुमडावा लागतो.

दोष तितकेच खरे आहेत. बूट पुढच्या टोकाला धरलेला आणि टाचेला ओढलेला, त्यामुळे रुंद स्की कडक बर्फावर कडेवर आणायला क्षणभर उशीर होतो. बहुतेक मॉडेलं पडल्यावर बूट सोडत नाहीत, ब्रेकही नसतो. शिवाय नवे, दणकट बूट आता मोजकेच उरलेत. ब्लॅक डायमंडसारखी कंपनी तर टेलीमार्कच्या बुटांतून बाहेरच पडली.

जुनं सामान मात्र स्वस्तात मिळतं, आणि इथेच नवशिक्याचा खरा मोह आहे. घेण्यापूर्वी चोचीखालची तीन भोकं बघा. कडा झिजून ती लांबट झाली असतील तर तीन पिनांच्या बाइंडिंगवर बूट डुलणार. घड्या दोन्ही हातांनी वाकवून तळाशी बारीक चिरा आहेत का ते उजेडात बघा. जुनं प्लास्टिक तिथेच फाटतं, आणि ते थंडीत, गाडीपासून लांब असताना फाटतं. केबल जिथे वळते तिथली तार सुटायला लागली असेल तर बदलायच्या खर्चासकट किंमत ठरवा.

एनटीएन: आजचा राजमार्ग

रोत्तेफेल्लाने २००७ साली ही पद्धत बाजारात आणली. इथे बाइंडिंग बुटाला मागून ओढत नाही, तळव्याखालच्या दुसऱ्या टाचेला पकडतं. पकड पायाच्या मध्याजवळ असल्याने स्की कडेवर लगेच येते. रुंद स्की असेल, उतार टणक असेल, तर फरक पहिल्याच वळणात कळतो.

नवशिक्यासाठी मला याहून मोठा वाटतो तो दुसरा फायदा. टाच उचलायला लागल्याबरोबर स्प्रिंग विरोध करते, आणि तो विरोध मागच्या चवड्याला खाली, स्कीवर दाबतो. ज्याला मागच्या पायावर भार द्यायची सवय नाही त्याला हे बाइंडिंग ती सवय लावतं. ट्वेंटी-टू डिझाइन्सचं आउटलॉ एक्स नुसता पाय दाबून लावता येतं, विरोधाच्या तीन पायऱ्या बदलता येतात आणि ब्रेक मिळतो. रोत्तेफेल्लाचं फ्रीराइड लिफ्टवरच्या दिवसांसाठी वर्षानुवर्षं चाललेलं आहे.

वजन जास्त आहे, आणि ओल्या हिमात तळव्याखाली बर्फ साचतो, तो काठीने खरवडावा लागतो. ७५ मिमीच्या मऊ वाकाची सवय असलेल्याला हे सुरुवातीला आडमुठं वाटतं. स्प्रिंग एक पायरी सैल केली की बराच फरक पडतो.

टेक-टो: चढणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात टूरिंगसाठी काढलेली कल्पना: बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी दोन पिना, आणि पाय त्यांवर जवळजवळ विनाघर्षण फिरतो. टेलीमार्कवाल्यांनी पुढे ही पिन घेतली आणि उतरण्यासाठी मागे स्प्रिंग जोडली. फ्रान्सचं मेइजो आणि आयडाहोचं लिंक्स ही यातली दोन मोठी नावं, दोन्हींना टोकाला धातूच्या खाचा असलेला एनटीएनचा बूट लागतो. चढणीवर ही पद्धत बाकी दोघांना मागे टाकते. पिनांच्या खाचांत बर्फ गोठतो, तो टोकरून काढल्याशिवाय पकड बसत नाही. लहान भाग पुष्कळ आहेत. दिवसातले चार तास चढण्यात जाणार असतील तरच ही कटकट वसूल होते.

खाचा असलेला बूट आजच घेऊन ठेवण्यात मात्र शहाणपण आहे. आज त्यावर साधं एनटीएन वापरा, पुढे टेक-टो घ्या. टाचेलाही खाच असेल तर तोच बूट टूरिंगच्या स्कीवरही चालतो.

पडल्यावर काय?

याबाबत विक्रेते जरा हात राखून बोलतात. अल्पाइन बाइंडिंगची सुटण्याची ताकद प्रमाणित असते. टेलीमार्कमध्ये त्या भरवशावर राहू नये. काही एनटीएन बाइंडिंग्ज सुटतात, मेइजो बाजूला सुटतं, पण प्रत्येक पडण्यात सुटेलच असं नाही. गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. हिमस्खलनाच्या भागात न सुटणारी स्की पायाला लोढण्यासारखी अडकून माणसाला बर्फाखाली ओढते. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवतवर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो, आणि आखलेली वाट सोडली की तो भाग तिथेच सुरू होतो. मोकळ्या टाचेने तिथे जायचं तर सुटणारं बाइंडिंग घ्या, आणि सुटे भाग घरूनच न्या.

मग कोणी काय घ्यावं

ओस्लो, डेन्व्हर, झुरिकसारख्या ठिकाणी राहणारी, अल्पाइन येणारी आणि बहुतेक दिवस लिफ्टवर काढणारी आपली मंडळी असतील तर एनटीएन, टोकाला खाचा असलेला बूट, आणि रुंदीला मध्यम स्की. दुसरा विचार करू नका. पण पैसे आधी घालू नका, दोन-तीन दिवस भाड्याने घ्या आणि एक दिवस शिक्षक घ्या. मागच्या पायाची चूक स्वतःला दिसत नाही.

सौम्य टेकड्या, लांब सफरी, आणि मित्राकडून चांगल्या स्थितीतला ७५ मिमीचा सेट मिळतोय? घ्या, आनंदाने घ्या. फक्त नव्याने बूट विकत घेऊन ७५ मिमीत शिरायचा सल्ला मी आज देणार नाही. आणि पहाटे उठून डोंगर चढणारे असाल, वळण आधीच बसलेलं असेल, तर टेक-टो.

बाइंडिंग बसवायला देताना दुकानदाराला एक गोष्ट आवर्जून सांगा: टेलीमार्कमध्ये प्रत्येक वळणाला पुढचे स्क्रू वर उपसले जातात, म्हणून भोकांत चांगला गोंद हवा आणि स्कीला आधी दुसऱ्या बाइंडिंगसाठी भोकं पाडलेली असतील तर नवी भोकं जुन्यांपासून पुरेशी लांब हवीत. पहिल्या दिवसानंतर ते स्क्रू स्वतः एकदा तपासा.