फ्रीशिप: पुठ्ठ्याच्या मॉडेल बोटीचा हल बनवणाऱ्यांनी एकदा तरी वापरून बघावं असं सॉफ्टवेअर

पुठ्ठ्याची बोट म्हटलं की बरेच जण थेट कटर घेऊन बसतात, अंदाजाने दोन बाजू कापतात, मधे तळ चिकटवतात आणि मग नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापाशी, पुठ्ठ्याला चुण्या पडल्या की गोंदाला दोष देतात. गोंदाचा काही संबंध नसतो हो. तो आकारच पुठ्ठ्याला जमणारा नसतो. आणि हे कापायच्या आधी स्क्रीनवरच कळतं म्हणून मला फ्रीशिप इतकं आवडतं, बाकी सगळे फायदे त्याच्यानंतर.

आधी हे काय आहे ते सांगतो. फ्रीशिप हा जहाजांचे हल, म्हणजे बाहेरचं धड, डिझाइन करायचा फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम आहे, विंडोजवर चालतो. मार्टाइन व्हॅन एंगेलंड यांनी लिहिलेला, पुढे याच वाटेने डेल्फ्टशिप हा हल डिझाइनचा दुसरा प्रोग्राम आला. खऱ्या बोटींसाठी बनवलाय, मॉडेलवाल्यांसाठी नाही, पण पुठ्ठ्याचं काम करणाऱ्याला जे हवं ते नेमकं यात आहे.

आता मुद्दा. कागद किंवा पुठ्ठा एका वेळी एकाच दिशेने वाकतो. नळकांडं होतं, शंकू होतो, पण चेंडूला कागद गुंडाळून बघा, चुण्या पडणारच. गाउसने 1827 मध्ये गणिताने दाखवलंय की पृष्ठभाग न ताणता न दाबता फक्त वाकवला तर त्याची मूळ वक्रता बदलत नाही, म्हणजे सपाट पुठ्ठ्याचा गोलवा होणारच नाही, कितीही भिजवा, कितीही दाबा, थोडंफार ताणला जाईल तेवढंच. सपाट उलगडता येतो अशा पृष्ठभागाला डेव्हलपेबल म्हणतात. फ्रीशिपमध्ये याचा वेगळा व्ह्यूच आहे, हलचा जो भाग उलगडता येतो तो हिरवा दिसतो आणि जो येत नाही तो लाल. तुम्ही कंट्रोल पॉइंट, म्हणजे हलचा आकार ठरवणारे बिंदू, माऊसने ओढता आणि लाल पट्टा कमी होताना समोर दिसतो. बहुतेक वेळा लाल कुठे येतं माहितीये, नाळेच्या खालच्या भागात, जिथे तळाची प्लेट एकदम पिळून वर चढते. तिथला पीळ थोडा मागे लांबवर पसरवला की हिरवं होतं. ही समज पुस्तक वाचून येत नाही, पॉइंट ओढत बसलं की आपोआप हातात येते.

म्हणून पुठ्ठ्यासाठी सरळ चाइनवाला हल धरा, म्हणजे बाजू आणि तळ यांच्यामधे स्पष्ट धार असलेला. प्रोग्राममध्ये ती कड सिलेक्ट करून क्रीज म्हणजे तीक्ष्ण करायची, प्रत्येक प्लेट वेगळ्या लेयरवर टाकायची, लेयरला डेव्हलपेबल टिक करायचं आणि उलगडायला सांगायचं, सपाट प्लेटा समोर. गोल पोटाची बोट पाहिजेच असेल तर एकाऐवजी दोन तीन चाइन द्या, लांबून गोलच वाटते. प्लायवूडच्या खऱ्या बोटी पण अशाच होतात, 1963 ची मिरर डिंगी ही छोटी शिडाची होडी याच तत्त्वावर, सपाट प्लायच्या प्लेटा कापून तारेने शिवायच्या आणि सांध्यावर फायबरग्लास टेप. पुठ्ठा हा त्या प्लायचाच लहान भाऊ समजा.

एक युक्ती मात्र सांगायलाच हवी. प्रोग्राम मीटर आणि टनात बोलतो, त्यामुळे 60 सेमीचं मॉडेल 0.6 मीटर म्हणून काढलं तर वजनाच्या जागी 0.002 असलं काहीतरी दिसतं ज्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा 1 मीटर म्हणजे 1 सेमी धरा आणि बोट 60 मीटरची काढा. मग घनमीटरचे घनसेंटीमीटर होतात आणि टनाचे ग्रॅम, सगळं थेट वाचता येतं. फक्त पाण्याची घनता समुद्राची 1.025 असते ती बदलून 1.000 करा, मॉडेल गोड्या पाण्यात चालवणार असाल तर.

समजा लांबी 60, रुंदी 14, पाण्यात बुडणारी खोली 4 आणि ब्लॉक कोइफिशंट, म्हणजे बुडालेला भाग त्याच मापाच्या चौकोनी ठोकळ्याचा किती हिस्सा आहे तो आकडा, 0.5. गुणाकार करा, 1680, म्हणजे मोटर, बॅटरी, पुठ्ठा, रंग सगळं मिळून 1680 ग्रॅम झालं की बोट बरोबर आखलेल्या रेषेवर बसेल. आणि हीच बोट अर्ध्या मापात केली तर? लांबी निम्मी पण वजन पेलायची ताकद आठवा हिस्सा, जेमतेम 210 ग्रॅम. छोटी बोट सोपी असते असं वाटणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा, तेवढ्यात मोटर आणि बॅटरी बसवणं फार अवघड. हायड्रोस्टॅटिक्सच्या म्हणजे तरंगण्याच्या हिशोबाच्या पानावर मेटासेंटरची उंची पण येते, म्हणजे बोट थोडी कलली की पाण्याचा वर रेटणारा जोर तिच्या मधल्या रेषेला जिथे छेदतो तो बिंदू, तुमच्या सामानाचा गुरुत्वमध्य त्याच्या चांगला खाली पाहिजे, नाहीतर बोट कलंडणार. बॅटरी तळाशी टाका, हे तर सगळेच सांगतात, इथे किती खाली ते कळतं.

आता काय नाही ते. चिकटवायच्या पट्ट्या म्हणजे टॅब हा प्रोग्राम काढून देत नाही, त्या तुम्हीच ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीएक्सएफ ही रेषाचित्राची फाइल नेऊन काढायच्या. पुठ्ठ्याची जाडी पण धरत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण बाहेरची कातडी 1 मिमीची असेल तर आतल्या फ्रेम, म्हणजे हलला आकार देणारे आडवे तुकडे, सगळीकडून 1 मिमीने लहान कापाव्या लागतात, 140 मिमी रुंद हलची फ्रेम 138 मिमी. तसंच फ्रेम आणि मधल्या कण्याच्या खाचा जाडीइतक्याच रुंद हव्यात, 2 मिमी बोर्डला 2 मिमी, सैल झाल्या की सांगाडा पिळतो आणि पिळलेल्या सांगाड्यावर कुठलीही प्लेट नीट बसत नाही. प्लेटा उलगडल्यावर बाजू आणि तळ यांची चाइनकडची लांबी सारखी येते का हे स्वतः मोजून बघा, जास्त फरक असेल तर कुठेतरी लाल राहिलंय. प्रिंट काढताना पानात मावेल असं करू नका, शंभर टक्के स्केल ठेवा आणि कोपऱ्यात 10 सेमीची रेघ काढून पट्टीने तपासा.

दिसायला जुनं आहे, शिकायला सुरुवातीला जड जातं, विशेषतः नेटच्या म्हणजे त्या बिंदूंच्या जाळीच्या कडा आणि फेस म्हणजे काय हे समजेपर्यंत. धीर धरा. पहिलं मॉडेल साध्या डिंगीचं करा, दोन बाजू, दोन तळ, मागची फळी, बस.

पुठ्ठा निवडताना त्यातल्या तंतूंच्या रेषांची दिशा बघा, मी लांबीच्या बाजूने ठेवतो, वळण सलग येतं, मधे कोपरा पडत नाही. पाण्याचं म्हणाल तर पाणी सपाट भागातून कमी आणि कापलेल्या कडांतून जास्त शिरतं, म्हणून कडांना आधी पातळ वार्निश पिऊ द्या, मग आतून बाहेरून दोन्हीकडे हात मारा. फक्त बाहेरून रंगवलेला हल आतल्या ओलीने फुगतो. साधा पांढरा गोंद पाण्यात मऊ होतो त्यामुळे सांध्यांवरून वार्निश किंवा इपॉक्सी गेलंच पाहिजे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो जाडीसाठी, एक साधी चौकट असती जिथे पुठ्ठ्याची जाडी टाकली की फ्रेम आपोआप आत सरकल्या असत्या तर पूर्ण पाच दिले असते.