लेव्हल 3 च्या कागदापायी 1,40,560 रुपये गेले

अबू धाबीच्या नोकरीच्या नावाखाली फसलो. आधी आकडे सांगतो. नोंदणी 2,360. ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट 64,900. अटेस्टेशन (कागदपत्रं प्रमाणित करणं) 18,500. मेडिकल 9,800. डिपॉझिट 45,000. एकूण 1,40,560 रुपये. पाच वेळा भरले आणि पाचही वेळा माझ्याच हाताने.

मी मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा इंजिनियर. कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत सहा वर्षं क्वालिटीला आहे. धातूच्या तपासण्या (स्पेक्ट्रो, मायक्रो, हार्डनेस), कस्टमर ऑडिट सगळं बघतो. पगार 34,000 आणि हुद्दा रुजू झालो तेव्हाचाच, क्यूए इंजिनियर. आमच्याकडे सीनियर व्हायचं तर वरचा माणूस सोडून जावा लागतो. माझ्या मागून लागलेली पोरं पुण्याला जाऊन असिस्टंट मॅनेजर झाली. घरी स्थळ आलं की पहिला प्रश्न, पोस्ट काय? हे एवढ्यासाठी सांगतोय की "एवढा शिकलेला असून कसा फसलास" हे मी तीन महिने ऐकतोय. लॉटरी लागली म्हणून पैसे भरणाऱ्यांतला मी नाही. सहा वर्षांच्या कामाला साजेसं पद मागत होतो, त्यात काय चुकलं?

नवी मुंबईतल्या कन्सल्टन्सीतून मॅडमचा फोन आला. अबू धाबी, रिफायनरीचं काम, 9,500 दिरहम. बाईला आमची भाषा पक्की येत होती, म्हणूनच विश्वास बसला. म्हणाली, "सर, लेव्हल 2 म्हणजे इन्स्पेक्टर. तुम्ही मटेरियल्सचे इंजिनियर, तुमची ग्रेड लेव्हल 3 ची. फक्त सर्टिफिकेट नाहीये, ते आम्ही करून देतो."

इथेच फोन ठेवायला हवा होता. मॅडम म्हणत होती ती लेव्हल एनडीटीची, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधायच्या तपासणीची. ती नोकरीतली ग्रेड नव्हे. लेव्हल 1 वाला सांगितलेल्या सूचनेप्रमाणे तपासणी करतो. लेव्हल 2 वाला मशीन कॅलिब्रेट करतो, निकाल लावतो, रिपोर्टवर सही करतो. लेव्हल 3 वाला प्रोसिजर लिहितो आणि खालच्यांची परीक्षा घेतो. एएसएनटी या अमेरिकन संस्थेच्या एसएनटी-टीसी-1ए या मार्गदर्शिकेप्रमाणे लेव्हल 1 आणि 2 चं सर्टिफिकेशन मुळात तुमची कंपनी तिच्या लेखी पद्धतीनुसार करते, कंपनी सोडली की नवीन कंपनीने पुन्हा करायचं असतं. एएसएनटीची लेव्हल 3 हवी असेल तर त्यांचीच परीक्षा द्यावी लागते. आयएसओ 9712 या आंतरराष्ट्रीय मानकाला तर स्वतंत्र संस्थाच लागते. कुठलीही कन्सल्टन्सी लेव्हल 3 "करून देत" नाही. हे मला अर्धवट माहीत होतं, आणि अर्धवटच घात करतं.

ट्रेनिंग तीन दिवसांचं, एका भाड्याच्या गाळ्यात. पीटी (रंगद्रव), एमटी (चुंबक), यूटी (अल्ट्रासॉनिक), आरटी (रेडिओग्राफी), चारही पद्धती तीन दिवसांत. एकट्या अल्ट्रासॉनिकला लेव्हल 1 आणि 2 मिळून 80 तास सांगितलेत. मशीन जुळवायच्या व्ही-1 या प्रमाण ठोकळ्याच्या कडा गंजलेल्या, प्रोबखाली लावायच्या कपलंटच्या जागी गाडीचं ऑइल. 25 मिलिमीटरच्या बाजूवर प्रोब ठेवला तर पहिला एको (परत आलेली लहर) 28 च्या पुढे, म्हणजे मशीनच चुकीचं जुळवलेलं. मी विचारलं, तर मास्तर म्हणाला, "साइटवर सेट करून घ्यायचं." आरटीला एक फिल्मसुद्धा दाखवली नाही.

चौथ्या दिवशी सर्टिफिकेटं हातात दिली, आणि त्यांच्यावरची एक जागा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चार सर्टिफिकेटं, लॅमिनेट केलेली. खाली एक चौकट: जवळची नजर, जेगर 1, तपासणीची तारीख. माझे डोळे कुणीही तपासले नव्हते. तो छोट्या अक्षरांचा तक्ता कुणी माझ्यासमोर धरलाच नव्हता. आणि तारीख मी गाळ्यात पाय ठेवायच्या आठ दिवस आधीची. रोज सप्लायरचं टेस्ट सर्टिफिकेट हातात आलं की मी आधी हीट नंबर (धातूच्या ओताचा क्रमांक) आणि तारीख जुळवतो. तारीख जुळली नाही म्हणून दोन टनांचा लॉट परत पाठवलाय मी. आणि या कागदावर "उमेदवाराची सही" या ओळीवर पेन टेकवला. मॅडम म्हणाली, "फॉर्मॅलिटी आहे सर." मी सही केली. त्यानंतर 73,300 रुपये आणखी भरले.

डिपॉझिट गेलं, ऑफर लेटर आलं, त्यावर पद "मटेरियल्स इंजिनियर, लेव्हल 3". मग व्हिसा पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या, मग फोन बंद.

परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 अधिक जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर अशा एजंटांची यादी आहे. मी ती पैसे गेल्यावर पाहिली. हे लोक त्यात नव्हतेच. तुम्ही आधी बघा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण बाराव्या दिवशी. तोवर त्यांच्या खात्यात 6,200 उरले होते, तेवढे गोठले. पहिल्या तासात फोन करा, लाज वाटली तरी करा. मी बारा दिवस घरच्यांपासून लपवण्यात घालवले.

पोलीस ठाण्याचं काय सांगू! पहिल्या दिवशी, "ऑफिस नवी मुंबईत, तिकडे जा." तिकडे गेलो, "पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे द्या." दोन रजा आणि जाण्यायेण्याचे 2,140 रुपये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलमाची प्रिंट घेऊन गेलो, तर हवालदार म्हणाला, "वकील आहेस का?" शेवटी अर्ज घेतला, एफआयआर नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही ट्रेनिंग घेतलं, सर्टिफिकेट मिळालं, मग फसवणूक कसली?" त्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले! माझी सही त्यांनी मलाच वाचून दाखवली. बँकेत गेलो तर "तुम्हीच पिन टाकलाय." पिन मीच टाकला, हो. पण ज्याच्या खात्यात गेले त्याचं खातं कुणी उघडून दिलं, हे विचारायचं नाही का? तीन मेल केले. तिन्हींना एकच छापील उत्तर.

पावती मागा. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा, माझ्या पावतीवरचा क्रमांक एका कपड्याच्या दुकानाचा निघाला. इंटरव्ह्यूत तुमच्या कामाबद्दल एकही खोल प्रश्न आला नाही तर उठा. मला शटडाउनच्या (रिफायनरी बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) नोकरीसाठी गंजाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

गेल्या मंगळवारी आमच्या लॅबमधला ज्युनिअर फोन घेऊन माझ्याकडे आला. सव्वा वर्षाची नोकरी, डिप्लोमा मेटलर्जी. म्हणाला, "दादा, अबू धाबीचं आलंय, लेव्हल 3 ते करून देतात." मी स्पीकर लावायला सांगितलं. आवाज तोच. "सर, आज फक्त 2,360 भरा." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फोन कट केला. नंबर आणि रेकॉर्डिंग दोन्ही घेऊन मी उद्या पुन्हा ठाण्यात चाललोय.