डिस्क ठणठणीत होती, गेले ते माझे पैसे

रविवारी सकाळी लॅपटॉपने अपडेट घेतलं आणि रीस्टार्ट झाल्यावर माझी दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावली. निळा दिवा लुकलुकतोय, कानाशी धरली तर आत फिरतेय, पण ‘धिस पीसी’त नावच नाही. आईच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो त्यात. दुसरी कॉपी नाही. (हो, माहितेय. बोलू नका.)

घाबरून नेटवर डिस्कच्या कंपनीचा कस्टमर केअर शोधला आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. शेजारी बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ होतं, ते नंतर दिसलं. माणूस इतका गोड की विचारू नका. स्क्रीन दूरून बघायचं ॲप घ्यायला लावलं, त्यातला कोड विचारला, आणि माझ्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप सरकायला लागला. त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं. लाल खुणांची रांगच रांग. “मॅडम, ये सब व्हायरस है. आधे घंटे में डिस्क फॉरमॅट हो जाएगी.”

4,999 रुपये भरले. मग “पेमेंट अटक गया, रिफंड के लिए ये क्यूआर स्कॅन कीजिए.” केला, पिन टाकला, आणखी 9,999 गेले. पैसे यायला पिन लागत नाही, हे सासूबाईंना मीच शिकवलंय!

संध्याकाळी भाचा आला. स्टार्टवर राइट क्लिक, ‘डिस्क मॅनेजमेंट’. तिथे डिस्क होती की! ‘हेल्दी’ लिहिलेली, फक्त नावापुढचं अक्षर उडालेलं. त्यावर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘ॲड’, एक मोकळं अक्षर, ओके. दोन मिनिटं. ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ विचारलं तर मात्र हो म्हणायचं नाही, हे त्याने दोनदा बजावलं. आणि त्या लाल खुणा? त्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही तशाच निघाल्या.

मग लॅपटॉपचं नेट तोडलं, ते ॲप काढलं, पासवर्ड फोनवरून बदलले, बँकेला कळवलं आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावली. तोवर सहा तास उलटले होते. बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या पेमेंटचा व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, तो शोधण्यातच माझी दहा मिनिटं गेली. दुसरी रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवलीय म्हणतात. पहिली गेलीच.

मंगळवारी पुन्हा त्याचाच फोन. “मॅडम, डिस्क ठीक चल रही है ना?”